समुद्राकडे पाठ करून

नागपूरजवळच्या कोराडीला समुद्र नाही आणि वाळवंटही नाही, पण माझ्या बाबांनी दोन्हींची सोय केली होती. तलाव म्हणजे समुद्र, आणि वीजकेंद्रामागचा राखेचा बंधारा म्हणजे वाळवंट. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत बाबा कॉलनीतल्या लोकांना घेऊन पायी फिरण्याची सहल काढत. एका वर्षी समुद्रकाठ, दुसऱ्या वर्षी राजस्थानची वाळू. आगगाडीने तिथवर जायचं आणि मग चालायचं, पक्षी पाहायचे, किल्ले, लेणी, पडकी गावं पाहायची आणि बाबांनी ती समजावून सांगायची. मात्र निघण्याच्या आधीच्या रविवारी रंगीत तालीम झालीच पाहिजे, हा त्यांचा कायदा होता. सगळी मंडळी पाठीवर पिशव्या लावून, डोक्याला दुपट्टे बांधून, पुरुष, बायका, एखादं कडेवरचं पोर अशी राखेच्या बंधाऱ्यावर चढायची. बाबा पुढे. "इथून उंट लागतीन असं समजा," ते म्हणत, आणि वीजकेंद्रात दिवसभर खऱ्या बॉयलरशी झटणारी ती मोठी माणसं गंभीरपणे समजायची. पुढे प्रत्यक्ष वाळवंटात पोचल्यावर आमच्या लोकांची पहिली प्रतिक्रिया काय होती? "हे तं आपलीच राख हाय बाप्पा, जरा पिवळी."

घर आमचं कॉलनीतलं, दोन खोल्या आणि पुढे एक गॅलरी. घरात दोन गोष्टी चोवीस तास असायच्या, आवाज आणि राख. आवाज म्हणजे केंद्राची घरघर. कोणी पाहुणा आला आणि "हा कसला आवाज?" म्हणाला, की आम्ही विचारायचो, "कोणता?" राख मात्र आम्हालाही दिसायची. खिडकीच्या पट्टीवर, पाण्याच्या माठावरच्या ताटलीवर, धुतलेल्या चादरींवर. आई गॅलरीत पापड वाळत घालायची आणि त्यावर जुनी साडी पसरायची, तरी आमच्या घरचा पापड कधी पांढरा निघाला नाही. कुहीहून मामाकडून तांदूळ आला की ती तो आधी झटकायची, कारण तिच्या मते कोराडीची राख वाटेत जाऊनसुद्धा पोत्यात शिरायची. सहल जवळ आली की घरात सांबारवडीचा घाणा निघे. ओल्या कोथिंबिरीचं, खसखशीचं ते सारण, तळणीचा वास, आणि आईचं पुटपुटणं. तिच्या समजुतीप्रमाणे नागपूरच्या बाहेर कुठेही खाण्याजोगं काही मिळत नाही. हे मत तिने पुढे पुष्कळ मुलूख फिरूनही बदललं नाही.

बाबांना चालण्याचं हे वेड लहानपणी लागलं. ते कुहीकडचे. आजोबांचा हात धरून ते गावाहून नागपूरला धम्मदीक्षेला पायी आले होते. त्या दिवसाविषयी ते फार बोलत नसत. बोलले तर एवढंच, "जातानी एक होतो, येतानी दुसराच होतो. बसनं गेलो असतो तं तेवढा फरक पडला नसता." माणसाला काही दाखवायचं असेल तर चालवत नेऊन दाखवावं, असं त्यांचं यावरून पक्कं ठरलं असावं. केंद्रात ते राख वाहून नेणाऱ्या विभागात होते. शाळा त्यांची जेमतेम झालेली, पण लायब्ररीतून पुस्तकं आणून ते लेण्यांची, किल्ल्यांची, समुद्रपक्ष्यांची माहिती काढत आणि सहलीत युनियनच्या गेट-मीटिंगमधून निवृत्त झालेल्या एका पत्र्याच्या कर्ण्यातून ती सांगत. मूळचाच आवाज असा की कर्णा केवळ शोभेला होता.

आणि मग तो आवाज गेला. घशाची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी जीव राखला, आवाजाबद्दल मात्र हात वर केले. जे उरलं ते म्हणजे एक बारीक खरखर, तोंडाशी कान नेला तरच कळणारी. ड्यूटीवर त्यामुळे काही अडलं नाही, कारण केंद्रात तसंही कोणाचं कोणाला ऐकू येत नसे. कोळसा दळणाऱ्या चक्क्या, टर्बाइन, पंखे यांच्या गदारोळात तिथली माणसं हातांनीच बोलत. अंगठा वर म्हणजे वर घ्या, तळहात खाली दाबला म्हणजे हळू, आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन मनगटांची फुली केली म्हणजे हातातलं सगळं सोडा आणि बाहेर निघा. ही भाषा कामावरून घरोघर आली होती. समोरच्या गॅलरीतून बायका एकमेकींना साखर मागत त्या हातांनीच, आणि आई मला मैदानातून जेवायला बोलवायची तीही हातांनीच. मला याची लाज वाटे. मी तेव्हा नागपुरात कॉलेजला होतो आणि वक्तृत्व स्पर्धांच्या ढाली आणत होतो. हातवारे करणं हे ज्यांना शब्द सुचत नाहीत त्यांचं काम, असं माझं मत होतं. ते मी सुचलेल्या पुष्कळ शब्दांत घरी सांगतही असे.

त्या वर्षी पाळी समुद्राची होती. आवाज गेलेला माणूस सहल कशी नेणार, अशी कुजबुज कॉलनीत सुरू झाली. वानखेडे काका हे बाबांचे जुने मित्र, केंद्रातल्या अवजड क्रेनचे ऑपरेटर. ते आमच्याकडे चहाला आले आणि बाबा आत गेलेले पाहून आईला म्हणाले, "वहिनी, वाईट नका वाटून घेऊ. पण लोक म्हणून राहिले, यंदाची शेवटची. पुढच्या वर्षापासून सीताबर्डीहून ट्रॅव्हलची बस करू. त्यात माईक असते."

बाबा आत होते, पण त्यांचा गेला होता तो आवाज, कान नव्हे. त्या संध्याकाळी त्यांनी लायब्ररीची पुस्तकं आवरून पिशवीत भरली आणि पिशवी दाराजवळ ठेवून दिली. आईने ती पाहिली. मग मला स्वयंपाकघरात बोलावून दार लोटलं.

"हे पाय मिलिंद. तुझ्या बाबाले वाटलं पायजे का हे सहल त्याईनंच नेली. समजलं? नाई तं तो माणूस घरी बसन. आन घरी बसलेला तुझा बाप मले नाई पायजे."

"मग मी काय करू?"

"ते कानात सांगतीन, तू मोठ्यानं सांग. तेवढंच. तुले बोलाची खाज हाय न? मंग ते बापाच्या कामी येऊ दे."

इतक्या स्वच्छ शब्दांत मला माझं काम पुन्हा आयुष्यात कोणी सांगितलं नाही. बाबांनी बोलायचं, मी त्यांचा आवाज व्हायचं. मी "हाव" म्हटलं, आणि मनातल्या मनात सुरुवातीचं भाषण लिहायला घेतलं.

रंगीत तालीम तलावावर झाली. आम्हाला समुद्रातला एक छोटा किल्ला पाहायचा होता, ओहोटीच्या वेळी वाळूवरून चालत जाता येतं असा. त्याच्या जागी बाबांनी तलावाच्या टोकाचं जुनं पंपघर धरलं. उन्हाळ्यानंतर न भरलेल्या चिखलाच्या पट्टीवरून सगळे रांगेने पंपघरापर्यंत गेले. बाबा माझ्या कानाशी लागून सांगत, मी कर्ण्यातून ओरडत असे. तिथे बसून सगळ्यांनी चिवडा खाल्ला, वानखेडे काकांनी पंपघराला तीन वेळा "किल्ला झकास आहे" म्हणून घेतलं, आणि आम्ही आल्या वाटेने परत आलो. तलाव सकाळी होता तिथेच होता. आज वाटतं, सगळा घोटाळा त्या तलावाच्या सज्जनपणाने केला. ज्या पाण्याला आम्ही जन्मभर ओळखत होतो ते ठेवलं तिथे राहणारं पाणी होतं.

समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हाची फजिती लिहायला हवी. त्याआधी समुद्राची एकच सहल झाली होती, तीही नुसती काठाकाठाने, आणि माझ्या परीक्षेमुळे मी आणि आई गेलो नव्हतो, म्हणजे मलाही तो नवाच होता. पण गाईड मी! सुरूच्या झाडांतून बाहेर पडताच मी कर्णा तोंडाला लावला आणि पाठ केलेलं वाक्य म्हणायला गेलो. त्या वाक्यात अनंत, अथांग आणि आदिम असे तिन्ही शब्द होते. समोर पाहिलं आणि तिन्ही गेले. कर्ण्यातून फक्त माझा श्वास सगळ्यांना ऐकू गेला. आई माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि बराच वेळ पाहून म्हणाली, "याले तिकडून काठच नाई काय गा?" समुद्राविषयी यापेक्षा चांगलं वाक्य मला अजून बनवता आलेलं नाही.

पहिला दिवस ठरल्याप्रमाणे गेला. बाबा पुढे चालायचे, वाकून काहीतरी दाखवायचे, मी कान नेऊन ऐकायचो आणि ओरडायचो. खेकड्यांनी बिळाभोवती वाळूच्या बारीक गोळ्यांची रांगोळी घातली होती. खेकडा वाळू तोंडात घेतो, तिच्यातलं खाणं चाटून घेतो आणि उरलेली गोळी बाहेर टाकतो, असं बाबांनी सांगितलं. "म्हणजे आपल्या केंद्रासारखंच," ते खरखरले, "खाल्लं का राख बाहेर." हे मी कर्ण्यातून सांगितलं तेव्हा सगळी मंडळी हसली, आणि बाबा असे खुलले की काय सांगू. आईने लांबून माझ्याकडे पाहून अंगठा वर केला. गोष्ट इथे संपली असती तर मी पितृभक्त म्हणून ओळखला गेलो असतो.

पण लोक हसले होते माझ्या आवाजाला, असं मला वाटलं. रात्री एका काकूंनी "किती छान सांगतो रे" म्हटलं, आणि तिथून माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांनी कानात सांगितलेल्या एका वाक्याची चार करू लागलो. मग पाच. मग ते सांगायच्या आधीच मी सुरू होऊ लागलो. बाबा हात वर करून काहीतरी दाखवायचे आणि मी "हो, हो, येतोच त्याच्यावर" असं म्हणून तिसऱ्याच विषयावर जायचो. किल्ल्याच्या वाटेला लागेपर्यंत बाबा घोळक्याच्या शेवटी चालत होते, आईच्या बरोबर, हातात तिची सांबारवडीची पिशवी. मी मागे वळून पाहिलं नाही. मी पुढचं वाक्य जुळवत होतो.

वाळूला उतरण्याआधी एक चहाची टपरी होती. तिथल्या बाई म्हणाल्या, "पाणी चढायच्या आत परत फिरा हां. बसून राहू नका तिकडे."

आमच्यातले दोघेतिघे थबकले. तेव्हा मी कर्णा उचलला आणि विदर्भातून आलेल्या त्या सबंध समुदायाला निःशंक स्वरात सांगितलं, "काळजी नको! भरती पौर्णिमेला येते. आज पौर्णिमा नाही."

टपरीवाल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं ती नजर मला अजून आठवते. पण त्या काही बोलायच्या आत आम्ही निघालो होतो. आणि आमच्यातल्या एकालाही माझं म्हणणं चूक वाटलं नाही. भरती म्हणजे आम्हाला ठाऊक होती ती पुस्तकातली, चांदणं पडलेलं, लाटा उसळलेल्या, काठावर उभं राहून पाहायची. ती भर दुपारी, गुपचूप, आपण जेवत असताना मागच्या वाटेने येते, हे नागपूरच्या माणसाला कोण सांगणार?

किल्ल्याच्या दारात बाबा तटापाशी थांबले. त्यांनी दगडावर तळवा ठेवला, मग तो तळवा डोक्याच्याही वर नेऊन पुन्हा दगडावर ठेवला. माझी बाही ओढून काहीतरी म्हणाले. वारा होता, खाली वाकावं लागलं असतं. मी वाकलो नाही. "आत गेल्यावर सांगतो बाबा, सगळे खोळंबलेत," म्हणून मी पुढे झालो. त्यांनी तेव्हा काय सांगितलं होतं ते मला आईकडून नंतर कळलं. "भिंत ओली हाय. डोक्याच्या वरपावतर."

आत एक चौक होता, त्याला पायऱ्या आणि सावली. आईने फडकं पसरलं, सांबारवड्या निघाल्या, तिळाची चटणी निघाली, वानखेडे काकांनी लकडगंजच्या दुकानातून आणलेला चिवडा काढला. जेवण तालमीतल्यापेक्षा पुष्कळ लांबलं, कारण खाणं तालमीतल्यापेक्षा पुष्कळ होतं. मग मी पडक्या तटाच्या वरच्या पायरीवर चढलो. मंडळी खाली माझ्याकडे तोंड करून, माझी पाठ समुद्राकडे. माझ्या मागे, तटाच्या कडेला बाबा एकटेच बसले होते, कोणाला नको असलेल्या पाहुण्यासारखे. मी कर्णा लावला आणि सुरू झालो. किल्ल्यापासून निघालो, आरमारावर आलो, तिथून मानवजातीवर. माणूस हा कसा लाटांशी झुंजत आला आहे, हे मी सांगत होतो. आयुष्यातलं माझं सर्वोत्तम भाषण ते असणार होतं, अजूनही मला वाटतं.

तेवढ्यात वानखेडे काका उठले. चिवड्याचा घास तोंडात तसाच. त्यांनी पिशवी उचलली आणि चालू लागले. मग त्यांच्या शेजारचे उठले. मग एकदम सगळेच. कोणी कोणाशी एक शब्द बोललं नाही. बायकांनी फडकी गोळा केली नाहीत, पोरं काखेत मारली आणि निघाल्या. स्पर्धांमध्ये लोक जांभया देतात, मागच्या रांगेतले पळतात, हे मी पाहिलं होतं, पण अख्खा श्रोतृवर्ग असा एका क्षणात उठून जाताना पाहिला नव्हता. मला वाटलं, मानवजात त्यांना कंटाळवाणी झाली. म्हणून मी आवाज चढवला. "मित्रहो! मुख्य मुद्दा पुढेच आहे!" मित्र दारातून बाहेर पडत होते. आई तेवढी मागे राहिली होती आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे पाहत होती.

मी वळलो. मागे तटावर बाबा उभे होते. दोन्ही हात डोक्याच्या वर, मनगटांची फुली. आणि त्यांच्या मागे, जिथून आम्ही वाळू तुडवत आलो होतो तिथे, वाळू नव्हती.

त्या हातांचा अर्थ मला लहानपणापासून माहीत होता. तरी मी काय केलं? मी म्हणालो, "काय झालं?"

बाबांचे ओठ हलले. वाऱ्यात काही ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं बोला ना!" मी ओरडलो. तेही कर्ण्यातून.

हे लिहिताना मला हसू यायला हवं, आणि येतंही, पण पुरतं नाही. बाबा रागावले नाहीत. त्यांनी हात खाली घेतले, पायऱ्या उतरून आले, माझं मनगट पकडलं आणि मला चालवत नेलं. लहानपणी आजोबांनी त्यांना धरून नेलं असेल तसं.

बाहेर पाणी गुडघ्याच्या वर आलं होतं आणि मध्ये तर कमरेला लागत होतं. आमच्यातल्या कोणाला पोहता येत नव्हतं. भीती मला मनापासून वाटली, माझ्यामुळे एखादं पोर जाईल ही. पण समोर जे दिसलं ते भाषणात कुठे बसलंच नसतं. माणसांनी हाताला हात धरून साखळी केली होती, पोरं खांद्यावर घेतली होती. वानखेडे काका सगळ्यांत पुढे, आणि प्रत्येक चार पावलांनी ते मागे वळून बाबांकडे बघत होते. बाबा शेवटी, एका हातात मी. त्यांनी दुसरा हात वर केला, तळहात खाली दाबला: हळू. सगळी साखळी हळू झाली. त्यांनी हात डावीकडे नेला, साखळी डावीकडे वळली, जिथे पाण्याचा रंग फिका होता. लाट आली की मूठ मिटायची: थांबा. लाट गेली की बोटं उघडायची: चला. लाटांचा एवढा आवाज होता की बाजूच्या माणसाचं ऐकू येत नव्हतं. म्हणजे आमच्या लोकांसाठी नेहमीसारखंच.

आई माझ्या पुढे होती, सांबारवडीचा डबा डोक्यावर. अडखळलो फक्त मी. मध्यावर पाय घसरला, खारं पाणी नाकातोंडात गेलं, आणि स्वतः वाचायचं सोडून मी कर्णा वर धरला. बाबांनी तो माझ्या हातातून घेतला आणि फेकून दिला. पत्र्याचा असूनही तो थोडा वेळ तरंगला, रुंद तोंड आकाशाकडे करून. मग त्याच्यात पाणी शिरलं.

काठावर सगळे पोचले. मोजदाद झाली, कोणी कमी नव्हतं. टपरीच्या बाईंनी सगळ्यांना चहा दिला, आणि मला देताना फक्त विचारलं, "काय हो, आज पौर्णिमा आहे काय?" सगळी कॉलनी हसली. त्यात बाबाही होते. त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता, पण खांदे हलत होते.

हसणं ओसरल्यावर वानखेडे काका ओल्या पँटनिशी बाबांसमोर येऊन बसले. त्यांच्याकडे बोलायचं पुष्कळ होतं असं दिसत होतं. क्रेनच्या केबिनमध्ये उंचावर बसून वर्षानुवर्षं ज्या माणसाने फक्त खालच्याच्या हाताकडे पाहून लोखंड उचललं होतं, त्याला शब्द सापडायला वेळ लागला.

"गजभिये भाऊ," ते शेवटी म्हणाले, "पुढच्या साली रेतीत कधी नेऊन राहिले आमाले?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आई डब्यातली सांबारवडी पाण्यातून वाचली का ते बघत होती, वर न बघता म्हणाली, "सांगा न आता. विचारून राहिले ते." बाबांनी उजवा हात वर नेला, अंगठा वर केला, मग तळहात हळूच खाली दाबला. वानखेडे काकांनी मोठ्याने सगळ्यांना वाचून दाखवलं, "वर घ्या म्हणते. पण हळू."

पुढच्या वर्षी वाळवंटात कर्णा नव्हता. रेतीवर वारा असा वाहायचा की कोणाच्या आवाजाचा उपयोग नव्हता, आणि बाबांना असा वारा दिवसभर हवाच होता. ते पुढे जात, हात वर करत, आणि आमचे सगळे लोक त्या हातांकडे बघत चालत. पडक्या गावाच्या विहिरीपाशी त्यांनी काय सांगितलं, रेतीवर सरड्याच्या शेपटीची रेघ कशी ओळखायची, हे सगळं हातांनी. नवीन आलेल्या एक-दोघांना कळत नसे, त्यांच्यासाठी मी मागच्या बाजूला राहून सांगायचो, हळू आवाजात, एका वाक्याचं एकच वाक्य करून. तेवढं मला जमू लागलं होतं. असं पुढे पुष्कळ वर्षं चाललं. बाबा निवृत्त झाले तरी चाललं, वानखेडे काकांच्या हातात काठी आली तरी चाललं. ट्रॅव्हलची बस कोणी केली नाही.

मी पुढे प्राध्यापक झालो. ज्याला थांबता येत नाही त्याला आपल्याकडे प्राध्यापक करतात. पण त्या दिवशीची एक सवय कॉलनीला कायमची लागली होती, आणि ती माझ्यावर उलटली. माझ्या लग्नात आभार मानायला उभा राहिलो, मानवजातीपर्यंत आलो, आणि मागच्या रांगेतून बाबांनी दोन्ही हात वर करून फुली केली. अर्धा मंडप उठून जेवायला गेला. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या समारंभात तेच. मुलीच्या वाढदिवसाला तेच. माझ्या सासरची माणसं चकित व्हायची, हे लोक असे एकदम का उठतात म्हणून. मी चिडायचो, आणि बाबांचे खांदे हलायचे.

बाबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. परवा माझा निवृत्तीचा कार्यक्रम झाला. कोराडीची जुनी माणसं मिनीबस करून आली होती, काठ्या, चष्मे, कानात यंत्रं. माझ्या हातात चांगला माईक होता. मी बोलू लागलो आणि सवयीने मागच्या रांगेकडे पाहिलं. तिथे नुसत्या खुर्च्या होत्या. मग मी बोलतच राहिलो. अडवणारं कोणी नाही म्हटल्यावर माणूस बोलतो. मी किल्ल्यावर गेलो, आरमारावर गेलो, आवाज भरून आला तसा आणखी चढवला.

पहिल्या रांगेत आई बसली होती. तिला आता नीट ऐकू येत नाही. तिने माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं, मग हातातली पिशवी मांडीवरून खाली ठेवली, आणि दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन मनगटांची फुली केली. तिच्या मागची कोराडीची सगळी म्हातारी माणसं एकदम उठली. काठ्या सापडेनात, खुर्च्या पडल्या, कोणी कोणाला का म्हणून विचारलं नाही. मी वाक्य तिथेच टाकलं, माईक ठेवला आणि खाली उतरून तिचा हात धरला.